पिवळ्या पाटीवरचं शून्य

शंकेखोर : गुरुजी, बल्हारशा स्टेशनची पिवळी पाटी तुम्ही पाहिलीच असेल. गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, समुद्रसपाटीपासून अमुक इतके मीटर. लहानपणापासून ती ओळ मी वाचत आलो आणि दर वेळी मनात आलं की आपला नि समुद्राचा संबंध तेवढ्या एका ओळीपुरताच. मुलचेऱ्याहून समुद्र बघायला निघा, तीन-चारशे किलोमीटर तुडवावे लागतील. आमच्याकडे पाणी चढतं ते प्राणहितेला, आणि उतरतं तेही तिलाच. समुद्र दोन मिलिमीटरने वाढला म्हणून आमचं धान बुडत नाही, गोसेखुर्द धरणाची दारं उघडली की बुडतं. आता तुम्ही म्हणता, समुद्राची उंची हवा आणि पाऊस ठरवतात. शाळेत तर तुम्हीच शिकवलंत : समुद्राचं पाणी वर जातं, ढग होतात, पाऊस पडतो, नदी ते परत समुद्रात नेते. घेतलं तेवढं परत केलं, खातं जुळलं. मग पातळी हलायची कुठून?

शंकेखोराची धानाची शेती आहे आणि कृषी केंद्राचं दुकानही. जमा-खर्च जुळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. समोरचा हौशी माणूस निवृत्त शिक्षक, विषय भूगोल. उत्साह जरा जास्तच, पण आकडे तोंडपाठ.

हौशी : खातं जुळतं भाऊ, पण मधली उधारी तुम्ही धरलीच नाही. समुद्रावरून उठलेलं पाणी जमिनीवर पडलं की लगेच परत जात नाही. बोडीत थांबतं, मामा तलावात थांबतं, मातीत मुरतं, हिमालयावर बर्फ होऊन बसतं. जितकं पाणी जमिनीकडे अडकलं, तितका समुद्र खाली. हे मोजलेलं आहे. २०१०-११ मध्ये ला निना जोरात होती. त्या काळात साऱ्या जगाच्या समुद्राची सरासरी पातळी चढायची सोडून सुमारे पाच मिलिमीटर उतरली. गेलं कुठे पाणी? बरंचसं ऑस्ट्रेलियाच्या पोटात. त्या खंडाचा आतला भाग खोलगट बशीसारखा आहे, तिथल्या नद्या समुद्राला मिळतच नाहीत, आयर सरोवराकडे जातात. त्या बशीत पाऊस साचला आणि उन्हाने आटेपर्यंत तिथेच राहिला. ‘ग्रेस’ नावाचे दोन उपग्रह एकामागोमाग पृथ्वीभोवती फिरत होते. जमिनीवर पाण्याचं वजन वाढलं की गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं, आणि दोघांमधलं अंतर केसाहूनही कमी बदललं तरी त्यांना कळायचं. त्यांनीच हे हरवलेलं पाणी दाखवून दिलं. पुढे पातळी पुन्हा चढली, हेही सांगतो. उधारी वसूल झाली म्हणा.

शंकेखोर : एक खंडच्या खंड भिजला तेव्हा कुठे पाच मिलिमीटर. मग आमच्या बोड्यांची गोष्ट सोडाच. गोसेखुर्द काठोकाठ भरलं तर समुद्र किती उतरतो, तेवढं सांगा.

हौशी : सांगतो. जगातला सगळा समुद्र एक मिलिमीटरने वाढवायला सुमारे ३६० घनकिलोमीटर पाणी लागतं. गोसेखुर्दची पूर्ण साठवण एक घनकिलोमीटरहून थोडी जास्त. म्हणजे मिलिमीटरचे तीन हजारांश. तुमच्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा विसावा हिस्सा.

शंकेखोर : आहेत कुठे केस!

हौशी : पण सगळ्या जगातली धरणं मिळून फार मोठा आकडा होतो. गेल्या शतकभरात बांधलेल्या जलाशयांनी सुमारे १०,८०० घनकिलोमीटर पाणी अडवलं, असा हिशेब आहे. त्याने समुद्र तीन सेंटिमीटरने कमी चढला. याच्या उलट बोअरवेल. जमिनीखालून उपसलेलं पाणी शेवटी समुद्राला जाऊन मिळतं आणि त्याला चढवतं. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात पातळीवाढीची वाटणी दिली आहे. १९७१ ते २०१८ या काळात निम्मी वाढ नुसत्या पाणी तापून फुगण्याने झाली, २२ टक्के पर्वतांवरच्या हिमनद्या वितळल्याने, २० टक्के ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या बर्फाने, आणि उरलेले ८ टक्के जमिनीवरच्या पाण्याच्या हालचालीने. त्या आठात तुमची बोडीही आली नि बोअरही.

शंकेखोर : बरं, आठ टक्के धरले. पण हा सगळा पाण्याचा हिशेब झाला. तुम्ही हवा म्हणाला होतात. हवेने समुद्र कसा हलतो?

हौशी : हवेला वजन आहे, आणि ते समुद्राच्या अंगावर असतं. हवेचा दाब एक मिलिबारने कमी झाला की खालचं पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर येतं. गादीवर हात दाबून ठेवलाय आणि तो थोडा सैल केला, तसं. आता आपल्याकडचा पाऊस बघा. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागराच्या वायव्य कोपऱ्यात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, ओडिशावरून छत्तीसगडात शिरतो आणि आपल्या डोक्यावर येतो. रेडिओवर ते ऐकलं की आपण रोवणा लवकर उरकायचं बघतो. समुद्रावर असताना त्या पट्ट्यातला दाब भोवतालपेक्षा आठ-दहा मिलिबार कमी असला, तर त्याच्याखाली समुद्र चार-पाच बोटं फुगलेला असतो. तीच हवा तिथे समुद्र उचलते आणि दोन दिवसांनी इथे बांध्या भरते. आपल्याला तिचं दुसरं रूप तेवढं दिसतं.

शंकेखोर : चार-पाच बोटं! भरती-ओहोटीत समुद्र पुरुषभर वर-खाली होतो, त्यात ही बोटं कोण मोजतो? आणि पट्टा पुढे सरकला की पाणी आपल्या जागी. याला मी पातळी बदलली म्हणणार नाही. दुकानातल्या तराजूला माशी बसली म्हणून धान्याचं वजन वाढत नाही.

हौशी : माशी कधी कधी गिधाड होते. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशावर आलेल्या महाचक्रीवादळाच्या मध्यभागी दाब ९१२ मिलिबार इतका खाली गेला होता. नुसत्या दाबाने तिथे समुद्र एक मीटरच्या आसपास उचलला गेला असेल. त्यावर वारा. उपसागराचा उत्तर भाग उथळ आणि नरसाळ्यासारखा निमुळता. वारा पाणी रेटत आणतो, त्याला पसरायला जागा नसते. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला बेटावर आणि पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर असंच झालं. मृतांचा अंदाज तीन ते पाच लाख. आपल्या मुलचेरा-चामोर्शी भागात पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं वसवली गेली, त्यांच्या गावांत एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोला. नदीला पूर नसताना, नुसत्या वाऱ्याने खाडीचं पाणी अंगणात येतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आपण इथे त्यांना तळी खोदताना आणि मासे पाळताना पाहिलं, पण ती माणसं कुठलं पाणी मागे टाकून आली ते विचारलं नाही.

या वाक्यानंतर शंकेखोर थोडा वेळ गप्प राहिला. त्याच्या दुकानाचं अर्धं गिऱ्हाईक त्याच गावांतलं आहे. पण मूळ हरकत त्याने सोडली नाही.

शंकेखोर : वादळ मान्य. त्याने माणसं मरतात, पण समुद्र कायमचा चढत नाही. मी बोलतोय सरासरीचं. दिवसांचा गोंधळ वर्षात निघून जातो, वर्षांचा गोंधळ शंभर वर्षांत. उरतं ते खरं. आणि ते बर्फाने ठरतं, वाऱ्या-पावसाने नाही. शिवाय बर्फ काही पहिल्यांदा वितळत नाहीय. इरईजवळचा तो खडक तुम्हीच आम्हाला सहलीत दाखवला होता.

हौशी : आठवण ठेवलीत! चंद्रपूरच्या पश्चिमेला इरई गावाजवळ, पैनगंगेच्या काठी. चुनखडीचा गुळगुळीत घासलेला खडक आणि त्यावर समांतर ओरखडे, लोखंडी नांगराने ओढल्यासारखे. बोटाचं टोक फिरवलं तर खोबणी लागते. भूगर्भशास्त्र सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७० च्या दशकात त्यांची नोंद केली. तीस कोटी वर्षांपूर्वी इथून हिमनदी सरकत गेली आणि तिच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी ते ओरखडे काढले. त्या काळी दक्षिणेकडचे सारे खंड गोंडवनात एकत्र होते आणि आपण दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि आत घुसला. किती आत? छत्तीसगडात मनेंद्रगडला हसदेव नदीच्या पात्रात समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. आणि ज्या चुनखडीवर ओरखडे आहेत, ती स्वतःच त्याहून कितीतरी जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेली. घुग्घुस, गडचांदूरच्या सिमेंटच्या पोत्यात आपण समुद्राचा तळच भरून विकतो.

शंकेखोर : मग माझाच मुद्दा झाला की! कारखाना नाही, मोटारगाडी नाही, आणि समुद्र मनेंद्रगडपर्यंत आला नि गेला. वीस हजार वर्षांपूर्वी तो आजच्यापेक्षा सव्वाशे मीटर खाली होता, हेही तुम्हीच सांगता. तिथून वर येताना शतकाला एक मीटर, कधी त्याहून वेगाने चढला. आज वर्षाला तीन-चार मिलिमीटर. याला घाबरायचं?

इथे शंकेखोराचे आकडे बरोबर आहेत, आणि वादात बरोबर आकड्याला उत्तर देणं चुकीच्या आकड्यापेक्षा अवघड असतं. हौशी माणसाने ते टाळलं नाही.

हौशी : खरं आहे, तेव्हाचा वेग आजच्यापेक्षा जास्त होता. पण तेव्हा किनाऱ्यावर कोण होतं? चढ संपून समुद्र जवळपास स्थिरावला त्याला सहा-सात हजार वर्षं झाली. भात, बंदरं, त्रिभुज प्रदेशातली गावं, मुंबई, चटगाव, सगळं त्या स्थिर काळात वसलं. स्थिर समुद्राचीच सवय असलेली ही वस्ती. आणि वेग वाढतोय. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात उत्तर हिंदी महासागराचा आकडा आहे : १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर, आणि १९९३ ते २०१७ मध्ये ३.३.

शंकेखोर : आता मुंबईचं सांगा. अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापक आहे म्हणतात. शंभर वर्षांत किती चढला?

हौशी : विसाव्या शतकात वर्षाला मिलिमीटरपेक्षाही कमी. शतकभरात सात-आठ सेंटिमीटर.

शंकेखोर : म्हणजे तुमच्या कमी दाबाच्या पट्ट्याने जेवढा फुगतो, तेवढाच! चार बोटं.

हौशी : तेवढाच. आणि आता जे सांगतो, त्यासाठीच मी एवढा वेळ धरून होतो. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९९ मध्ये मुंबईची ती जुनी नोंद भारतातल्या मान्सूनच्या पावसाशेजारी ठेवून पाहिली. दशकादशकाने मुंबईचा समुद्र जसा वर-खाली होतो, तसाच पाऊसही होतो, असं दिसलं. पाऊस मुंबईवरचा नव्हे, देशभरचा. आता वाट बघा. आपल्या दिना नदीतून पाणी प्राणहितेत. चपराळ्याला वर्धा-वैनगंगेचा संगम होऊन ती बनते, आणि गोदावरीच्या एकूण पाणलोटाचा जवळपास तिसरा हिस्सा तिचा. तिथून गोदावरी, मग उपसागर. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी सगळ्या ओततात, त्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी हलकं नि उंच राहतं. पावसाळ्यानंतर किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, श्रीलंकेला वळसा घालतो आणि ते हलकं पाणी पश्चिम किनाऱ्याने वर नेतो. पाऊस जास्त तर किनारपट्टीचं पाणी जास्त गोडं, आणि त्याच्या उंचीत फरक.

शंकेखोर : म्हणजे माझ्या बांधीतून फुटलेलं पाणी मुंबईच्या भरतीमापकावर चढतं? कविता चांगली आहे.

हौशी : तुमच्या बांधीतलं एकटं नाही, पण देशभरच्या बांध्यांतलं मिळून, असं त्यांचं म्हणणं. याला आणखी एक पुरावा आहे, आणि तो तुमच्या पिवळ्या पाटीचाच. १८५८ ते १९०९ या काळात इंग्रजांनी देशभर उंचीची मोजणी केली. त्यात दिसलं की उपसागराच्या किनाऱ्याची समुद्रसपाटी अरबी समुद्राच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर वर आहे, म्हणजे शाळेतली पट्टी उभी धरली तर तेवढी. पण देशाला एकच शून्य हवं होतं. मग कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट अशा नऊ ठिकाणची सरासरी समुद्रपातळी शून्य मानली आणि सगळं जाळं त्यावर बसवलं. शंभरएक वर्षांनी याच शंकर-शेट्ये जोडीने दाखवलं की तो फरक मोजणीतली चूक नसावी. उपसागर खरोखरच जास्त गोडा, म्हणून जास्त उंच. बल्हारशाच्या पाटीवरचे मीटर ज्या शून्यापासून मोजलेत, ते शून्य सपाट नाहीच.

शंकेखोर : थांबा गुरुजी. मी तुम्हाला अडवायला आलो होतो, पण आता तुम्हीच अडकलात. पावसाने मुंबईचा समुद्र दशकभर वर-खाली होत असेल, आणि शतकाची सगळी वाढ चार बोटं असेल, तर त्या चार बोटांत पावसाची किती नि तापलेल्या समुद्राची किती, हे कसं वेगळं काढलं? चांगल्या पावसाच्या दशकात मोजणी संपवली तर समुद्र फार चढला असं दिसेल. दुष्काळी दशकात संपवली तर चढलाच नाही असं. दुकानाचा ताळेबंद दिवाळीत केला की नफा, आणि जूनमध्ये, माल उधारीत गेलेला असताना केला, की तोटा.

हौशी : आक्षेप रास्त आहे. म्हणूनच लांब नोंद लागते, आणि उपग्रहांना जेमतेम तीस वर्षं झालीत. पण तुमच्या बाजूने बोलायचं तर गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. पावसाबरोबर वाराही आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलं की गेल्या काही दशकांत मान्सूनचे वारे मंदावले. ते जोरात असले की उत्तर हिंदी महासागरातली उष्णता विषुववृत्तापलीकडे दक्षिणेला वाहून जाते. मंदावले की उष्णता इथेच राहते, पाणी फुगतं आणि समुद्र चढतो.

शंकेखोर : म्हणजे मान्सून दुबळा झाला तर पाऊस कमी, किनाऱ्याचं पाणी जड, समुद्र खाली. आणि तोच मान्सून दुबळा झाला तर वारा कमी, उष्णता अडकली, समुद्र वर. दोन्ही एकाच वेळी?

हौशी : दोन्ही एकाच वेळी. एक किनाऱ्यालगत, एक सगळ्या उत्तर हिंदी महासागरात. एक काही वर्षांत उमटतं, एक मुरायला दशकं घेतं.

शंकेखोर : आणि जिंकतं कोण?

हौशी : गेल्या काही दशकांत वाढच दिसतेय, तेव्हा उष्णता जड दिसते. पण एखाद्या विशिष्ट बंदरावर, एखाद्या विशिष्ट दशकात कोणाचं पारडं जड, हे आजही मांडून मांडून बघावं लागतं. त्यात पाऊसही पूर्वीसारखा राहिला नाही. पुण्याच्याच संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. पूर्वी महिनाभर मुरत पडायचा तो आता तीन दिवसांत कोसळतो. मुरायला वेळ नाही, थेट नदीत. जुलै २०२२ आठवा. प्राणहिता-गोदावरीचं पाणी खाली भद्राचलमला ७१ फुटांवर गेलं होतं. १९८६ च्या पुरानंतरची सर्वांत मोठी पातळी. ते सगळं पाणी थोड्याच दिवसांत उपसागरात. उधारी ठेवायची सवयच मोडत चालली आहे जमिनीची.

शंकेखोर : पाणी जातं तसं गाळ जातो का? कारण खालच्या लोकांचं दुखणं मी वेगळं ऐकलंय. काकिनाड्याजवळ उप्पाडा गावाची घरं समुद्र खातोय. तिथल्या माणसाला तुम्ही सांगाल, तुझा समुद्र हवेने चढला. तो म्हणेल, गोदावरीचा गाळ धरणांनी अडवला म्हणून माझा किनारा गेला. कोण खरं?

हौशी : तो जास्त खरा. आंध्र विद्यापीठातल्या अभ्यासकांनी गोदावरीचा गाळ मोजला. १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन, १९९० च्या दशकात सहा कोटींहूनही कमी. त्रिभुज प्रदेशाची जमीन स्वतःच्या वजनाने खचत असते, नवा गाळ आला तर भरून निघते. न आल्यास समुद्र जागेवर राहिला तरी घरात येतो. काठावरच्या माणसाला पाणी चढलं की जमीन उतरली, हा फरक कळायचं कारण नाही.

शंकेखोर : म्हणजे गोसेखुर्दने समुद्र केसाच्या विसाव्या हिश्श्याने उतरवला, आणि तशाच धरणांनी उप्पाड्याचा किनारा नेला. तुमच्या जगाच्या सरासरीत पहिली गोष्ट जमेची, दुसरी तर तिथे दिसतही नाही. म्हणून मला सरासरीचा राग येतो. बरं, एक सांगा. मुंबईच्या समुद्राशी जो पावसाचा मेळ घालतात, त्या देशभरच्या पावसात आपल्या तहसीलच्या पर्जन्यमापकाचे आकडे आहेत का?

हौशी : मान्सूनची जी जुनी मालिका सर्रास वापरतात, ती पुण्याच्या संस्थेने ३०६ केंद्रांवरून बांधली, १८७१ पासूनची. मैदानी भागात साधारण जिल्ह्याला एक केंद्र. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्याआधी आपण सगळे चांद्यात, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात.

शंकेखोर : म्हणजे सिरोंच्यापासून ब्रह्मपुरीपर्यंत एक भांडं! गुरुजी, आमच्याकडे एका बांधीत पाऊस पडतो आणि धुऱ्यापलीकडची कोरडी राहते.

हौशी : एवढ्या जाड चाळणीतून चाळूनही मुंबईच्या पाण्याशी मेळ लागला, याचं मला नवल वाटतं.

शंकेखोर : आणि मला वाटतं, चाळणी जाड होती म्हणूनच लागला असेल. बारीक केली तर राहतो का, ते बघायला पाहिजे.

हौशी : बघायलाच पाहिजे. उद्या सकाळी साडेआठला तहसीलमध्ये या. कालपासून किती मिलिमीटर भरलाय, तो आकडा त्याच वेळी लिहितात.